संगणक प्रचालन प्रणालीतील वीजबचत

प्रचालन प्रणाली म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री व वापरणाऱ्याच्या आज्ञावली यांच्या दरम्यान राहून प्रक्रियक, स्मृती व जोडसाधने यांचे वाटप करणारा मूलभूत आज्ञावलींचा संच होय. विजेचा व्यय मोजणे व तो कमी करणे हेही या संचाचे कार्य आहे, ही कल्पना १९९० नंतरच्या दशकात रुजली. तत्पूर्वी प्रक्रियकाचा वेळ हीच काटकसरीची गोष्ट मानली जाई. सुवाह्य संगणकांच्या प्रसाराने विद्युत् घटमालेची मर्यादा जाणवू लागली आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार योजना सुरू केल्यावर मेजावरील संगणकांच्या वीजवापराकडेही लक्ष वेधले गेले.

भौतिक आधार : ट्रँझिस्टर मंडलात अवस्थाबदलासाठी लागणारी शक्ती ही धारिता, विद्युत् दाबाचा वर्ग व कंप्रता (एका सेकंदातील आवर्तनांची संख्या) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. केवळ कंप्रता निम्मी केल्यास ही शक्ती निम्मी होते. पण कामास दुप्पट वेळ लागत असल्याने त्यासाठीची एकूण ऊर्जा तेवढीच राहते. कंप्रतेबरोबर दाबही उतरविला, तरच खरी बचत होते. शिवाय मंडल स्वस्थ असतानाही थोडा प्रवाह गळत असतो व तो थांबविण्यासाठी पुरवठाच तोडावा लागतो. म्हणून काम हलके असताना दाब व कंप्रता उतरविणे आणि काम नसताना प्रक्रियकास गाढ निद्रावस्थेत नेणे, असे दोन मार्ग रूढ झाले.

इतिहास : इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या एपीएम या १९९२ च्या मानकात वीजबचतीचे बरेचसे निर्णय बायॉस या अंगभूत आज्ञावलीकडे होते. कोणती आज्ञावली कशासाठी थांबली आहे, हे बायॉसला कळत नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय मानकाने हा अधिकार प्रचालन प्रणालीकडे सोपविला. त्याआधी १९९४ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील मार्क वायझर व त्यांचे सहकारी यांनी प्रत्यक्ष कामाच्या नोंदींवरून असे दाखविले होते की, नुकत्याच होऊन गेलेल्या कामाच्या प्रमाणावरून पुढील क्षणाची कंप्रता ठरविल्यास ऊर्जा वाचते. एका जूल ऊर्जेत किती दशलक्ष आज्ञा पार पडतात, हे माप त्यांनी योजिले. या तऱ्हेचे नियमन लिनक्स प्रणालीत २००४ मध्ये आले.

निद्रेचा मार्ग मात्र एका जुन्या प्रथेने अडविला होता. वेळ राखण्यासाठी व आज्ञावलींना पाळी देण्यासाठी प्रक्रियकास ठराविक अंतराने घड्याळाचा ठोका दिला जाई. वैयक्तिक संगणकावरील लिनक्समध्ये पूर्वी सेकंदास १०० ठोके पडत. डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीत प्रतिसाद अधिक तत्पर व्हावा म्हणून ते १,००० करण्यात आले. गाढ निद्रेत जाण्यास व तीतून बाहेर येण्यास वेळ व ऊर्जा लागते. दर सहस्रांश सेकंदाला जाग येणाऱ्या प्रक्रियकास तिचा लाभ मिळेना. हा दोष बृहत् संगणकांवर आधीच उघड झाला होता. तेथे एकाच यंत्रावर लिनक्सच्या अनेक आभासी प्रती चालत व रिकाम्या प्रतींचे ठोकेच यंत्राचा वेळ खात. त्यावर मार्टिन श्विडेफ्स्की यांनी २००१ मध्ये उपाय सुचविला होता. टोमास ग्लाइक्सनर व इंगो मोल्नार यांच्या प्रयत्नांतून एप्रिल २००७ मधील २.६.२१ आवृत्तीत वैयक्तिक संगणकांसाठीही रिकाम्या वेळेतील ठोका बंद करण्याची सोय झाली.

ठोका थांबला, तरी प्रक्रियक पुरेसा झोपेना. कारण शोधण्यासाठी इंटेलमधील अर्जन व्हॅन डी व्हेन यांनी मे २००७ मध्ये पॉवरटॉप हे साधन प्रसिद्ध केले. प्रक्रियकास सेकंदाला किती वेळा व कोणामुळे जाग येते, याची यादी ते देई. नवी घटना घडली का, हे कारणाशिवाय पुन्हापुन्हा तपासणाऱ्या अनेक नित्याच्या आज्ञावली त्यामुळे उघडकीस आल्या व त्यांच्या कर्त्यांनी त्या सुधारल्या. जवळजवळ येणाऱ्या जागा एकत्र करण्याची युक्ती विंडोज ७ (२००९) व ॲपलच्या मॅव्हरिक्स (२०१३) या प्रणालींतही आली.

हाच प्रश्न भ्रमणध्वनीवर अधिक तीव्र झाला. अँड्रॉइडमध्ये पडदा मालवल्यावर संपूर्ण यंत्रणा झोपविण्याचे धोरण होते; पण कोणतीही आज्ञावली ‘जागृती-कुलूप’ धरून ती झोप रोखू शके. हे तंत्र लिनक्सच्या मूळ गाभ्यात घ्यावे की नाही, यावर दीर्घ वाद झाला आणि २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत समतुल्य पर्याय स्वीकारला गेला. २०१५ च्या अँड्रॉइड ६.० पासून स्थिर पडलेल्या यंत्रातील पार्श्वभूमीची कामे ठराविक अवधीपर्यंत रोखून धरली जाऊ लागली. पुढे २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.० आवृत्तीत, मोठ्या व लहान गाभ्यांचे मिश्रण असलेल्या प्रक्रियकांवर कोणते काम कोठे कमी ऊर्जेत होईल, याचा अंदाज घेऊन वाटप करणारी योजना समाविष्ट झाली.

मर्यादा : गाढ निद्रेतून उठण्यास विलंब लागत असल्याने बचत व तत्परता यांत तडजोड करावी लागते. मापनासही बंधने आहेत. २०११ पासून इंटेलच्या प्रक्रियकांत ऊर्जेचे गणक आले. परंतु त्यांच्या सूक्ष्म नोंदींवरून गुप्त कळा ओळखता येतात, असे २०२० मध्ये दिसून आल्यावर लिनक्सने सामान्य वापरणाऱ्यास ते वाचण्याची मुभा काढून घेतली. प्रक्रियकाच्या रचनेने साधलेली बचत एखाद्या निष्काळजी आज्ञावलीने वाया जाऊ शकते. म्हणून जाग कोणामुळे आली, हे दाखविणारे मापन हाच या क्षेत्रातील सुधारणेचा मुख्य आधार ठरला आहे.