कोविड महासाथ आणि प्रवासी वाहतूक : धाड, जि. बुलढाणा

धाड हे बुलढाण्याच्या नैऋत्येस, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेले बाजारगाव. महसुली कारभार अमरावती विभागाचा, म्हणजे विदर्भाचा. सीमेपलीकडचे भोकरदन आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) मात्र मराठवाड्यात. गावाला रेल्वे नाही. बुलढाणा शहरालाही नाही. त्यासाठी मलकापूर गाठावे लागते. त्यामुळे एसटी, काळीपिवळी आणि रिक्षा हीच इथली प्रवासाची साधने.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली. महासाथीपूर्वी राज्यभरात एसटीने रोज 60 लाखांहून अधिक लोक प्रवास करत आणि महामंडळाला दिवसाला सुमारे 22 कोटी रुपये मिळत. 22 मे 2020 पासून जास्त संसर्गाच्या लाल क्षेत्राबाहेर (रेड झोनबाहेर) बस सुरू झाली, पण निम्म्या आसनांवर आणि केवळ जिल्ह्याच्या हद्दीत. डिझेल तेवढेच लागे, चालक-वाहकाचा पगार तेवढाच, तिकिटे निम्मी. आंतरजिल्हा बस 20 ऑगस्टला सुटली, पूर्ण आसनक्षमतेची मुभा 18 सप्टेंबरला मिळाली.

धाडसारख्या गावाला या निर्बंधातली जिल्ह्याची अट सर्वांत जाचक होती. बाजार, दवाखाना, सोयरीक यांनी ही हद्द कधी पाळली नव्हती. बुलढाण्याची बस सुरू झाल्यावरही तीन महिने भोकरदनकडे एसटीने जाता येत नव्हते, आणि खासगी गाडीला ई-पास लागे. ज्यांच्या दारी गाडी नाही, त्यांच्यासाठी रस्ता बंदच होता. साथ आवरायला निर्बंध हवेच होते. पण ते आखताना सीमेवरच्या बाजारगावांचा वेगळा विचार व्हायला हवा होता, तो झाला नाही.

कर्जावर गाडी घेतलेल्यांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2020 अखेरपर्यंत हप्ते लांबवण्याची सवलत दिली. व्याज मात्र चढतच राहिले. परवानाधारक रिक्षाचालकांना राज्य सरकारने एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांवेळी, एकदाच 1,500 रुपये जाहीर केले.

उत्पन्न आटल्याने महामंडळाने मे 2020 पासून मालवाहतूक वाढवली, जुन्या बस मालवाहू केल्या. तरी पगार थकले. नोव्हेंबर 2020 मध्ये सरकारला 1,000 कोटींची मदत जाहीर करावी लागली. ऑक्टोबर 2021 मध्ये भाडे 17.17 टक्क्यांनी वाढले आणि त्याच सुमारास कर्मचाऱ्यांचा राज्य शासनातील विलीनीकरणासाठीचा संप सुरू झाला. तो एप्रिल 2022 मध्ये मिटला. जून 2025 च्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा 10,000 कोटींहून अधिक नोंदवला आहे.