७४ हा आकडा आला कुठून?

दहाएक वर्षांपूर्वी आमच्या दिवेआगरातली एक आजी नातवाचा कागद घेऊन आली. "भाऊ, ह्यात ७४ लिहिलंय. सत्तरच्या वर आहे म्हणून दाखला नाही म्हणाले. पोराला तर सुट्टे पैसे मोजता येत नाहीत." कागदावर चाचणीचं नाव होतं, बिने-कामत.

मंडळी, या नावामागे इतिहास आहे. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी ही प्रश्नांची पट्टी केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा मदत मिळावी म्हणून. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी तिची अमेरिकी आवृत्ती काढली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी नुसतं भाषांतर केलं नाही. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडला मराठी आणि कानडी मुलांवर प्रश्न तपासून पाहिले. १९४० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्या काळात हे मोठंच काम.

आता आपल्या भाषेत. सुपारी तीनदा तोलली आणि तीनदा तेच वजन आलं, तर तराजू विश्वसनीय. पण ओली सुपारी तोलून सुक्या मालाचा हिशेब केला तर? काटा बरोबरच आहे, पण आपण पाणीही मोजतोय. इथे वैधता गेली.

कामतांची पट्टी त्यांच्या काळातल्या मुलांवर बेतलेली. पुढे १९८४ मध्ये जेम्स फ्लिन यांनी दाखवलं, की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात बुद्ध्यांकाची सरासरी जवळजवळ १४ गुणांनी चढली. असं जिथे घडतं, तिथे जुन्या पट्टीवर आजचं मूल आहे त्यापेक्षा पुढे दिसतं. उलट घरची बोली वेगळी, परीक्षक अनोळखी, तर तेच मूल गप्प बसतं आणि मागे दिसतं. मग ७४ आणि ७० मधल्या चार गुणांवर दाखला अडवायचा कसा?

यात कामतांचा दोष नाही. त्यांनी आपल्या मुलांवर तपासून पाहिलं, तेच दर पिढीला व्हायला हवं.

आजीला मी फेरतपासणीचा अर्ज लिहून दिला. पोराला रोजच्या व्यवहारात काय जमत नाही, ते एकेक करून त्यात मांडलं.

तुमच्या घरी असा कागद आला तर तीन गोष्टी जरूर विचारा. चाचणी कोणती? तिचे निकष कोणत्या सालचे? आणि मुलाच्या बोलीत घेतली का?