क्षय कसा ओळखू आला

वाचकहो, घरात कुणाचा खोकला महिनाभर हटत नाही, अंग रोडावत चालले आहे, दिवस कलला की कणकण येते, असे झाले म्हणजे आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘साधा खोकला आहे, जाईल हवा बदलली की’ असे म्हणून आपण काणाडोळा करतो. नाही तर कुणी तरी हलक्या आवाजात क्षयाचे नाव घेतो, आणि त्या दिवसापासून त्या माणसाचा तांब्या-पेला वेगळा होतो. ती सून असली तर तिची माहेरी रवानगी होते. पहिल्या वागण्याने रोगी दगावतो, दुसऱ्याने तो जिवंतपणीच परका होतो. आणि दोन्ही वेळा आपण चाललेले असतो ते नुसत्या अंदाजाने!

अंदाज सोडून पुरावा धरायला माणसाला किती काळ लागला, आणि पुरावा हाती आल्यावर काय काय बदलले, एवढेच मला आज सांगायचे आहे. मी इतिहासाचा शिक्षक; वैद्य नव्हे. पण साक्षीपुराव्याशिवाय निकाल देऊ नये हा नियम इतिहासाला लागू आहे तसाच रोगालाही आहे.

हा रोग फार जुना. आपल्या आयुर्वेदात त्याला राजयक्ष्मा म्हटले आहे. चंद्राने दक्षाच्या सत्तावीस मुली वरल्या, पण जीव लावला तो एकट्या रोहिणीवर. म्हणून दक्षाच्या कोपाने चंद्र झिजू लागला, अशी त्या नावामागची कथा. राजाला झालेला म्हणून राजयक्ष्मा. खोकला, ताप, रक्त पडणे, अंग झिजणे ही लक्षणे आपल्या जुन्या वैद्यांनी बारकाईने टिपून ठेवली होती. पण एवढी लक्षणे दिसू लागेपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असे. शिवाय खोकला आणि ताप काय, दहा रोगांत असतो.

छातीच्या आत काय चालले आहे याचा कानोसा घेण्याचे पहिले साधन फ्रान्समधल्या लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ साली काढले. कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक त्याने रोग्याच्या छातीला लावले आणि दुसरे आपल्या कानाला. आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात दिसणाऱ्या नळीची ही पणजी! कोणत्या आवाजाचा फुप्फुसातल्या कोणत्या बिघाडाशी संबंध आहे हे लेनेकने मृतांची तपासणी करून ताडून पाहिले. पण हा रोग मुळात होतो कशाने, हे त्यालाही उमगले नाही. १८२६ साली तो स्वतः क्षयानेच वारला.

रोग रक्तातून, म्हणजे घराण्यातून येतो अशी तेव्हा युरोपातल्या पुष्कळांची समजूत होती. आईला झाला, मग मुलीला झाला. तेव्हा घराण्याचाच दोष, असे ते म्हणत. आपल्याकडेही अजून असे बोलले जाते, नाही का? १८६५ साली फ्रान्समधल्या व्हिलेमां या लष्करी डॉक्टरने क्षयाच्या गाठीतला अंश सशांना टोचून दाखवला आणि सशांना क्षय झाला. म्हणजे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. परंतु जे जाते ते काय, हे कुणी पाहिले नव्हते. म्हणून त्याचे म्हणणे फारसे कुणी मनावर घेतले नाही.

ते पाहिले रॉबर्ट कॉक याने. हा जर्मन डॉक्टर पूर्वी एका लहानशा गावात सरकारी वैद्य होता. खुद्द क्षयाच्या जंतूचा शोध त्याने पुढे बर्लिनच्या प्रयोगशाळेत लावला. अडचण अशी होती की हा जंतू फार बारीक आणि रंग न धरणारा. साध्या रंगात इतर जंतू चटकन रंगतात. याच्या अंगावर मेणासारखे कवच असते. कॉकने निळा रंग पुष्कळ वेळ ठेवला, मग वर तपकिरी रंग दिला. तेव्हा भोवतालचा सारा भाग तपकिरी झाला आणि त्यात बारीक निळ्या काड्या उठून दिसू लागल्या. त्याने हे जंतू रोग्याच्या शरीराबाहेर वाढवले, मग ते गिनीपिग नावाच्या लहान प्राण्यांना टोचले. प्राण्यांना क्षय झाला आणि त्यांच्या शरीरात तेच जंतू पुन्हा सापडले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमधल्या डॉक्टरांच्या सभेत त्याने हे सर्व मांडले. तो दिवस आज जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात.

त्यानंतर वर्षभरातच एर्लिख, त्सील आणि नीलसेन या जर्मन डॉक्टरांनी रंग देण्याची रीत सुधारली. बेडका काचेच्या पट्टीवर पसरायचा, तांबडा रंग तापवून द्यायचा आणि मग पट्टी तेजाबाने धुवायची. बाकी सगळ्यांचा रंग उतरतो. या मेणकवचाच्या जंतूचा उतरत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसल्या की साक्ष मिळाली. ही रीत इतकी सोपी आणि स्वस्त निघाली की तालुक्याच्या दवाखान्यातही ती करता येऊ लागली. आता रोगी कोण हे चेहऱ्यावरून किंवा घराण्यावरून ठरवण्याचे कारण उरले नाही.

पण ओळख पटली म्हणून औषध सापडते असे नाही. आपल्या आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेऊन त्या परत आल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय पुरते बावीस नव्हते. कॉकच्या शोधाला तेव्हा पाच वर्षे होत आली होती. शत्रूचे नाव-गाव कळले होते, पण त्याला मारणारे हत्यार जगात कुणापाशी नव्हते.

हत्याराची घाईही किती महाग पडते हे खुद्द कॉकच्याच चरित्रात दिसते. १८९० साली त्याने जंतूंपासून काढलेले ट्यूबरक्युलिन नावाचे द्रव्य उपाय म्हणून जाहीर केले. देशोदेशींचे रोगी बर्लिनकडे धावले. पण उपाय खरा की खोटा हे नीट तोलून पाहिले नव्हते. थोड्याच महिन्यांत कळून चुकले की रोगी बरे होत नाहीत. काहींचे तर जास्तच बिघडले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचा शब्दसुद्धा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हा धडा जगाने त्या वेळी घेतला. तेच द्रव्य पुढे दुसऱ्या कामी आले. १९०८ पासून मांतू या फ्रेंच डॉक्टरच्या पद्धतीने ते हाताच्या कातडीत टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी गाठ किती उठली ते मोजतात. मात्र ही गाठ एवढेच सांगते की जंतू कधी तरी शरीरात शिरला होता. आपल्या देशात असा शिरकाव कोट्यवधी लोकांत झालेला असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर क्षय होत नाही. तेव्हा खूण आणि रोग या दोन गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

औषध नव्हते तोवर उपाय म्हणजे विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा. त्यासाठी आरोग्यधामे निघाली. आपल्याकडे पाचगणीस निघाले, मिरजेजवळ वानलेसवाडीस निघाले. पण रोग्यांच्या मानाने तिथल्या खाटा म्हणजे दर्यामे खसखस. शेतावर राबणाऱ्याने वर्ष-दीड वर्ष डोंगरावर जाऊन निजावे कसे, आणि मागे घर चालवावे कुणी?

खरे औषध हाती आले १९४३ साली. अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने मातीतल्या एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. पण या वेळी जगाने ट्यूबरक्युलिनची पुनरावृत्ती होऊ दिली नाही. इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने १०७ रोगी निवडले. औषध थोडे होते, सर्वांना पुरण्याजोगे नव्हतेच. तेव्हा कुणाला द्यायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांवर सोपवले. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. क्ष-किरणाचे फोटो वाचणाऱ्या तज्ज्ञांना रोगी कोणत्या गटातला ते सांगितले नव्हते. ही योजना आखणारे ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ. तरुणपणी ते स्वतःच क्षयाने अंथरुणाला खिळले होते, आणि डॉक्टर होण्याचा बेत त्यांना त्यामुळेच सोडावा लागला होता.

१९४८ साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्या गटात १४. आता कुणाला शंका घ्यायला जागा राहिली नाही. पण याच लोकांचा पाच वर्षांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ दगावलेले आढळले. असे का व्हावे? तर एकट्या औषधाला जंतू सरावले होते. मारातून वाचलेले थोडे जंतू वाढले, आणि त्यांच्यावर औषध चालेनासे झाले. हे कळले तेही बेडक्यातले जंतू पुनःपुन्हा तपासले म्हणून. तेव्हापासून क्षयाला एका वेळी अनेक औषधे देण्याचा नियम झाला. ‘बरे वाटू लागले, आता गोळ्या बंद’ असे म्हणणारा माणूस याच संकटाला घरी बोलावतो.

१९५२ साली आयसोनियाझिड हे स्वस्त आणि गोळीने घेता येणारे औषध आले. आणि आता आपल्या देशाने जगाला एक गोष्ट शिकवली. मद्रासला १९५६ साली क्षयरोगावरील औषधोपचाराचे संशोधन केंद्र स्थापन झाले. तिथे गरीब वस्तीतल्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक गट आरोग्यधामात राहिला. त्याला विश्रांती मिळाली, सकस अन्न मिळाले. दुसरा आपापल्या घरी राहिला. दाटीवाटीच्या खोलीत, मिळेल ते खाऊन, जमेल तसे काम करीत. औषधे दोन्ही गटांना तीच. घरच्या रोग्यांनी गोळ्या घेतल्या की नाही हे पाहायला केंद्राची माणसे अवचित घरी जात, गोळ्या मोजत, लघवीसुद्धा तपासत. १९५९ साली निकाल आला. वर्षअखेर आरोग्यधामातल्या सुमारे ९२ टक्के रोग्यांचा आजार जंतूंच्या कसोटीवर शमला होता, तर घरच्यांत सुमारे ८६ टक्के. एवढेच अंतर!

याहून मोलाचा निकाल घरच्या माणसांबद्दलचा होता. दोन्ही गटांतल्या रोग्यांच्या कुटुंबांवर पाच वर्षे लक्ष ठेवले. रोगी घरात राहिला म्हणून त्याच्या बायकामुलांना क्षय जास्त झाला, असे दिसून आले नाही. रोग पसरायचा तो औषध सुरू होण्याआधीच पसरलेला असतो. म्हणजे धोका असतो तो अजून न तपासलेल्या खोकल्याचा. औषध नेमाने घेणाऱ्या सुनेला घराबाहेर काढून कुणाचेही रक्षण होत नाही.

मग न तपासलेले रोगी राहतात कुठे? बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांतून ही चौकशी केली. १९६३ साली त्यांचा अहवाल छापून आला. खेडूत अडाणी असतात, रोग लपवतात, असे शहरात समजत. चौकशीत निघाले उलटेच. ज्यांच्या बेडक्यात जंतू सापडले त्यांतले निम्म्याहून अधिक लोक आधीच दवाखान्याची पायरी चढून आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले जाई. बेडका तपासला जात नसे. म्हणून १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी साध्या सरकारी दवाखान्यांपर्यंत नेण्यावर भर दिला गेला. १९९७ पासून कार्यक्रमाची नवी घडी बसली, आणि रोग्याने गोळ्या कुणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्याव्यात अशी रीत पडली.

आज साक्ष काढण्याची साधने आणखी पुढे गेली आहेत. बेडक्यातल्या जंतूचे बीजद्रव्य ओळखणारी यंत्रे दोन-एक तासांत जंतू आहे की नाही ते सांगतात, आणि मुख्य औषधांपैकी एकाला तो दाद देईल की नाही तेही सांगतात. अशी विजेरीवर चालणारी, लहान दवाखान्यात ठेवता येणारी यंत्रे आपल्या गोव्यातल्या एका कारखान्याने बनवली. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना मान्यता दिली. हाडांचा, गाठींचा, लहान मुलांचा क्षय बेडक्यात सापडेलच असे नाही. तिथे डॉक्टरला इतर तपासण्या लागतात. तरी फुप्फुसाच्या क्षयाचा पहिला साक्षीदार अजून बेडकाच आहे.

शिक्षकांना माझे एवढेच सांगणे: वर्गात लढायांच्या सनावळ्या सांगता तेव्हा २४ मार्च १८८२ हीही सांगा. आणि वाचकहो, घरात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणाचाही असो, त्याला सरकारी दवाखान्यात न्या. तपासणी आणि औषध तिथे फुकट मिळते. डबीत नुसती तोंडातली थुंकी देऊ नका. खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला बेडका द्या. क्षय निघाला तर साध्या प्रकाराला सहा महिन्यांचा उपचार असतो. तो मधे सोडू नका, आणि त्या माणसाचे पान आपल्या पंगतीतून उठवू नका. आनंदीबाईंच्या वाट्याला जे औषध आले नाही, ते आज तालुक्याच्या गावी मिळते. ते घ्यायला जाण्यात उशीर मात्र आपला नसावा.