१७. ‘पाषाणचा वाटांचा प्रयोग’

१७. येथील इंटरफेरोमीटर म्हणजे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सीएनसी यंत्राच्या अक्षाची चाल तपासणारे लेझर उपकरण नव्हे. जातकुळी मात्र एकच: अर्धपारदर्शक आरशाने प्रकाश दोन वाटांना लावायचा आणि पुढे पुन्हा एकत्र आणायचा. मजकुरातली रचना झेंडर व माख यांची (१८९१-९२). तीत दोन्ही वाटा दुसऱ्या अर्धपारदर्शक आरशाशी पुन्हा जुळतात, आणि एका वेळी एकच फोटॉन सोडतात. दुसरा आरसा जागेवर असेल, तर व्यतिकरण दिसते, पण वाट सांगता येत नाही. तो काढला, तर उलट. हा उपकरणाचा ढोबळपणा नव्हे, हे वाचकाने पक्के ध्यानात घ्यावे. वाटेची खूण कुठेही उरली, मग ती कोणी वाचो न वाचो, व्यतिकरण जाते. अर्धवट माहिती मिळू शकते, आणि त्या प्रमाणात व्यतिकरण फिके पडते; ही मर्यादा एंग्लर्ट यांनी १९९६ मध्ये गणिताने मांडली. फोटॉन आत शिरल्यावर आरशाचा निर्णय घ्यायचा, ही ‘विलंबित निवड’ जॉन व्हीलर यांची (१९७८). पाषाणच्या आयसर संस्थेत सौम्य सिंघा रॉय, अभिषेक शुक्ला व टी. एस. महेश यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फोटॉन आणि आरसे नव्हतेच. एनएमआर यंत्रातील अणुकेंद्रांच्या फिरकीवर तो केला होता. इओनिचिओयू व टर्नो यांच्या २०११च्या प्रस्तावानुसार त्यात ‘आरसा आहे’ आणि ‘आरसा नाही’ या दोन्ही स्थिती एकाच वेळी ठेवल्या होत्या.