धुराची साक्ष

नाशिक म्हटले की गोदाघाट, कुंभमेळा आणि द्राक्षे आठवावीत अशी रीत आहे. याच शहरातील एका चौकाला मात्र कारखान्यावरून 'मायको सर्कल' हे नाव पडले. १९५१ साली बंगलोरात स्थापन झालेल्या त्या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले. चौकाचे जुनेच राहिले. डिझेल इंजिनांची नोझले आणि इंजेक्टर घडवणाऱ्या या गावाला, हवेच्या प्रमाणात इंधन किती द्यावे, हा प्रश्न मुळीच परका नाही. या प्रश्नाचे उत्तर दाखवणाऱ्या काट्याचा इतिहास आम्हांस येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

डिझेलचा कारभार तुलनेने उदार. त्यात हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते. इंधन अति झाले की काळा धूर चुगली करतो. २००२ साली नाशिकहून निघालेली स्कॉर्पिओ टर्बो डिझेल होती, म्हणून तिच्या कारागिरांना डोळ्यांची साक्ष बरीचशी पुरत असे. पेट्रोलचे तसे नाही. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते आणि या आकड्याच्या दोन्ही बाजूंस धोका असतो. कार्बोरेटरच्या काळात फिटर प्लग काढून त्याचा रंग पाहत. तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर इंधन जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त. ही विद्या खोटी नव्हती. पण ती गाडी थांबल्यावर बोलत असे.

धावत्या इंजिनाची साक्ष काढण्याचे मूळ एका रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. वाल्टर नेर्न्स्टने १८८९ साली विद्युत्-रासायनिक दाबाचे समीकरण मांडले आणि पुढे झिर्कोनियायुक्त मिश्रणाचा दिवाही बनवला. तापलेल्या झिर्कोनियाच्या दोन बाजूंस प्राणवायूचे प्रमाण भिन्न असेल तर विद्युत्दाब निर्माण होतो. याच तत्त्वावरचा बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वोमध्ये आला. शिशाने हा सेन्सर निकामी होतो. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून २००० साली गेले. त्याआधी या काट्याला येथे टिकाव लागणे कठीणच होते.

आरंभीचा सेन्सर फक्त बाजू सांगे: इंधन जास्त असता सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असता सुमारे ०.१. किती जास्त, हे सांगणारा वाइडबँड सेन्सर नव्वदच्या दशकात रुळला. टर्बोसाठी हा फरक जिवाशी गाठ घालणारा आहे. अल्फ्रेड ब्युखीने १९०५ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर या पेट्रोल मोटारीत आली, तेव्हा धडधड (म्हणजे नॉकिंग) टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. मालक ते भरायला विसरत. आज तेच काम बरेचसे जादा पेट्रोल करते: पूर्ण दाबाखाली प्रमाण ११.५ ते १२.५ च्या आसपास ठेवतात, कारण बाष्पीभवनाने मिश्रण थंड राहते. त्या क्षणी काटा १४ कडे सरकला तर पिस्टन वितळण्यास फार वेळ लागत नाही.

मात्र हा काटा इंधन मोजत नाही, जळून उरलेल्या वायूंतला प्राणवायू मोजतो. म्हणजे त्याचे काम इतिहासकाराचे आहे: घटना घडून गेलेली, हाती फक्त अवशेष. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली तर न वापरलेला प्राणवायू बाहेर पडतो आणि काटा 'हवा जास्त' म्हणतो. अननुभवी माणूस आणखी इंधन ओततो. सेन्सरच्या अलीकडे नळीला चीर असली तरी हाच भास होतो. चार सिलिंडरांपैकी एकाचा इंजेक्टर तुंबला तर सरासरी शुद्ध दिसते आणि तो एकटा सिलिंडर जळतो. साक्षीदार खोटे बोलत नाही. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो.

२०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. अशा इंधनाला पूर्ण जळण्यास सुमारे १३.५ भागच हवा पुरते. परंतु सेन्सर खरे तर लॅम्डा, म्हणजे गरजेच्या तुलनेतली हवा, ओळखतो आणि डबी त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवते. म्हणून काटा १४.७ दाखवत असताना प्रत्यक्ष प्रमाण १३.५ असू शकते, आणि तरीही ज्वलन बरोबरच असते. आकडा पाहून घाबरण्यापेक्षा लॅम्डा वाचणे शहाणपणाचे.

२०१९ साली नाशिकच्याच कारखान्यातून एक्सयूव्ही ३०० ही टर्बो पेट्रोल इंजिनासहही निघाली. अशा गाडीचा संगणक हे सारे हिशेब स्वतः करतो. जादा ताकदीसाठी त्याचे कोष्टक बदलणारा माणूस ती जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो. त्याने काटा जरूर बसवावा. पण प्लग काढून पाहण्याची जुन्या फिटरची सवय सोडू नये, असे आमचे मत आहे.