कर्बातला कामकरी कोण?

विल्यम ग्रोव्ह या वेल्समधील वकिली करणाऱ्या शास्त्रज्ञाने १८३९ साली प्लॅटिनमच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवून एकीस हायड्रोजन व दुसरीस प्राणवायू पोचविला, आणि तारेतून वीज वाहू लागली. यात अडून बसतो तो प्राणवायू. त्याच्या दोन अणूंची मिठी घट्ट. ती सोडवून, चार इलेक्ट्रॉन देऊन त्याचे पाणी करावयाचे, हे काम फार सावकाश चालते. ते उरकण्यास उत्प्रेरक लागतो, म्हणजे स्वतः न खपता क्रिया घडवून आणणारा पदार्थ. प्लॅटिनम त्यात वाकबगार, पण त्याची किंमत कोणास परवडावी?

म्हणून २००९ साली अमेरिकेतील डेटन विद्यापीठाच्या लिमिंग दाई व सहकाऱ्यांनी केलेली घोषणा गाजली. नत्र मिसळलेल्या कर्बाच्या सूक्ष्म नळ्या क्षारधर्मी द्रावणात प्लॅटिनमहून सरस ठरल्या! नत्र शेजारच्या कर्बाचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्या कर्बावर किंचित धनभार येतो व प्राणवायू तेथे चिकटतो, अशी त्यांची उपपत्ती. मात्र या नळ्या लोहयुक्त संयुगापासून वाढविलेल्या होत्या. उरलेले लोखंड त्यांनी मागाहून धुऊन काढले होते.

इतरांच्या कर्बाची झडती २०१३ साली निघाली. ग्रॅफाइटपासून ग्रॅफीन करताना बहुधा पोटॅशियम परमँगनेट वापरतात. त्यातले मँगनीज लेशमात्र मागे राहते. 'धातुविरहित' म्हणविणाऱ्या ग्रॅफीनचे काम हे मँगनीजच करते, असे सिंगापुरात मार्टिन पुमेरा यांनी दाखविले. आम्हां कामगार चळवळीतील मंडळींना हा प्रकार नवा नाही. हजेरीपटावर नाव एकाचे, घाम दुसऱ्याचा!

या वादात आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो जपानमधील त्सुकुबा विद्यापीठात जुंजी नाकामुरा व सहकाऱ्यांनी २०१६ साली केलेला प्रयोग. त्यांनी ग्रॅफाइटच्या स्वच्छ पृष्ठावर नत्राचे निरनिराळे प्रकार वेगवेगळे बसवून आम्लात तपासले. दोनच कर्बांशी जोडलेला, कडेचा नत्र जितका अधिक, तितके काम अधिक. प्राणवायू बसतो तो मात्र त्या नत्राच्या शेजारच्या कर्बावर.

तरीही नाना द्रव्ये मिसळण्याची हौस फिटेना. तेव्हा २०२० साली पुमेरा व सहकाऱ्यांनी ग्रॅफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली, आणि ते साध्या ग्रॅफीनहून चांगले चालले! नमुन्यातील लोखंड-मँगनीज मोजून दाखविल्याखेरीज 'धातुविरहित' या दाव्यावर आम्ही तरी सही करणार नाही.