वलगणीचे मासे आणि १८९७ चा कायदा

मागच्या भागानंतर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. डोंगरओढ्यात गळ टाकून ट्राउट धरतात, तसा मासा आपल्या सह्याद्रीत का नाही?

उत्तर सोपं आहे. ट्राउटला बारमाही थंड पाणी लागतं. इंग्रजांनी तो निलगिरीत आणला, १९०० च्या सुमारास काश्मीरमध्येही रुजवला. आमच्या म्हसा-मुरबाडकडचे ओढे मात्र उन्हाळ्यात आटतात. पण इथल्या माशांनी त्या आटण्याशीच जुळवून घेतलंय.

मृगाचा पहिला दणका पाऊस झाला की गाबोळीने भरलेले मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात चढतात. हीच वलगण. पिल्लं खाचरात वाढतात आणि पाणी ओसरू लागलं की खाली उतरतात. कातकरी, ठाकूर, कुणबी, सगळेच पाग आणि बांबूचे सापळे घेऊन या दिवसांवर टपलेले असतात.

आता इतिहास. म्हशाहून देहरीकडे निघालात की गोरखगड-मच्छिंद्रगडाच्या मागे भीमाशंकरची रांग दिसते. त्या रांगेपलीकडच्या दख्खनच्या नद्यांमधले मासे कर्नल साइक्सने अभ्यासले. १८३९ साली त्याचं वर्णन छापून आलं, तेव्हा बऱ्याच माशांना त्याने स्थानिक नावंच दिली. खुदरी, कोळस, शिंगटी ही नावं आजही शास्त्रीय नावांत आहेत. म्हणजे बघा, नाव भोयांच्या-कोळ्यांच्या तोंडचं आणि पुढे कंसात साइक्स!

नंतर आला १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा. मासे मारायला पाण्यात सुरुंग लावणं आणि विष कालवणं, दोन्ही गुन्हा ठरलं. सुरुंगाबद्दल वादच नाही, एका स्फोटात डोह रिकामा होतो. पण ‘विष’ म्हटलं की त्यात गेळफळंही आली. उन्हाळ्यात उरलेल्या डोहात ती कुटून टाकायची आणि गुंगलेले मासे उचलायचे, ही आदिवासींची जुनी रीत. तीही लहान पिल्लांना सोडत नाही, हे खरंच. तरी टोपलीभर फळं आणि सुरुंगाची कांडी कायद्याने एकाच ओळीत बसवली. याच कायद्याने मासे धरायला घातलेल्या बांधांवर आणि जाळ्यांच्या मापावर नियम करायचा अधिकार सरकारला दिला.

मला खटकतं ते इथे. कायद्याची नजर मासे धरणाऱ्यावर होती. माशाची वाट अडवणारा मोठा बांध नंतर आला. १९७२ साली बारवी धरण झालं. उद्योगांना आणि शहरांना पाणी मिळालं, पण भिंतीखालच्या माशाला वर जायची वाट उरली नाही. काळू नदीवरच्या धरणाचं काम २०१२ साली उच्च न्यायालयाने थांबवलं. त्या वादात जंगल आणि विस्थापन यांची चर्चा झाली, वलगणीबद्दल कोण बोलणार?

खाचरात फवारणी वाढली, ओढ्यांवर सिमेंटचे बंधारे झाले. त्यात पहिल्याच पुरात गाबोळीचे मासे पोत्याने उचलले, तर पुढच्या वर्षी चढायचं कुणी? माझं म्हणणं एवढंच: चढताना त्यांना जाऊ द्या. भादव्यात उतरतील तेव्हा पागा खुशाल. तोवर खाचरांनी दोन महिने पोसलेले असतात, आणि पुरतातही सगळ्यांना.

तुमच्या गावात या माशांना काय म्हणतात, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.